शेवटच्या कडव्यात तुझं नाव

होते वं पोरी, एटापल्लीत राहूनही होते. स्वतः लिहायचं, स्वतः चाल बांधायची, स्वतः गायचं आणि कुठल्या कंपनीच्या दारात हात जोडून उभं न राहता ते लोकांपर्यंत न्यायचं, हे पुण्या-मुंबईच्या पोरांनाच जमतं असं कोणी तुझ्या डोक्यात भरवलं असेल तर काढून टाक. तू विचारलंस तेव्हा घरात चार माणसं बसली होती, म्हणून मी नुसती मान हलवली. आता निवांत सांगते. झाडीपट्टीच्या नाटकमंडळींतून मी बरीच वर्षं गायले. गाणाऱ्या पोरींचं पुढे काय होतं ते जवळून पाहिलं. तुझ्या गळ्याबद्दल मी फारसं बोलणार नाही. गळा चांगला आहे, रियाज ठेवलास तर आणखी खुलेल. मला काळजी आहे ती तुझ्या गाण्याच्या मालकीची.

शब्द तुझे, चाल तुझी, आवाज तुझा, तर गाणंही शेवटपर्यंत तुझ्याच नावावर राहिलं पाहिजे. मला सांगायचं ते एवढंच. पण त्याला फाटे बरेच आहेत, ते एकेक करून घेऊ.

रात्री कानात इअरफोन घालून तू ज्यांना ऐकतेस, त्यांना आता इंडिपेंडंट आर्टिस्ट म्हणतात. जयपूरच्या प्रतीक कुहाडचं एक इंग्रजी गाणं 2019 साली बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं आणि त्याचं नाव जगभर गेलं. चांगला गातो, ऐक त्याला. पण ही वाट त्याच्या पिढीने पाडली असं समजू नकोस. आपल्या रानातून ती कधीचीच गेली आहे.

तुकडोजी महाराजांची भजनं तू लहानपणापासून ऐकतेस. एकदा त्यांच्याकडे लिहिणारा-गाणारा कलावंत म्हणून बघ. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म, घरी गरिबी, शाळा जेमतेम. नाव माणिक. गुरू आडकोजी महाराजांनी 'तुकड्या' म्हटलं आणि तेच नाव त्यांनी जन्मभर लावलं. चिमूरकडच्या रामदिघी आणि गोंदोड्याच्या रानात त्यांनी तप केलं. वाद्य म्हणाल तर हातात एक खंजिरी. ओळ आटोपशीर, शब्द रोजच्या बोलण्यातले, आणि पालुपद असं की दुसऱ्या खेपेला मागची माणसं आपोआप उचलतील. देवाचं नाव घेता घेता गावातली घाण, व्यसन, भेदभाव यांवर ते सरळ बोट ठेवायचे. मराठीत गायले, हिंदीत गायले. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, त्यात त्यांच्या भजनांचा हात आहे असं इंग्रज सरकारने धरलं. त्यांना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. तेव्हा चंद्रपूरचा जिल्हा म्हणजे चांदा, आणि आपली एटापल्लीही त्यातच होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. पुढे 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही महाराज खंजिरी घेऊनच गेले. एका माणसाचा आवाज आणि एक खंजिरी कुठवर पोचते ते यातून घे.

दुसरे वामनदादा कर्डक. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. कोणीतरी एक पत्र वाचून दाखवा म्हणून पुढे केलं आणि त्यांना ते वाचता आलं नाही. ते इतकं लागलं की चांगलं वय वाढलेलं असताना त्यांनी मुळाक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकली. 1943 साली पहिलं गाणं लिहिलं आणि मग 2004 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांची गाणी हजारांच्या घरात गेली. भीमजयंतीच्या मांडवात, खेड्यापाड्यांत, रात्र रात्र ते स्वतः उभे राहून गायले. पुस्तकं आली, कॅसेटी निघाल्या, पण ते सगळं नंतर. आधी गाणं माणसांच्या तोंडी बसलं.

आता या दोघांत एक सारखेपणा बघ. गाणं संपता संपता शेवटच्या कडव्यात नाव येतं. महाराजांच्या भजनात 'तुकड्यादास', वामनदादांच्या गाण्यात 'वामन'. आपल्या संतांनी, शाहिरांनी हेच केलं, ही नाममुद्रा आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यात भक्ती आहे, नम्रता आहे, पण व्यवहारही आहे. गाणं एका गावाहून दुसऱ्या गावाला तोंडातोंडी जायचं. सोबत कागद नाही, पावती नाही. मग लिहिणाऱ्याने आपलं नाव चालीत आणि मात्रांत असं बसवलं की ते काढलं तर ओळच लंगडी व्हावी. म्हणूनच तर अर्ध्या शतकानंतरही कुठल्याशा वाडीतली म्हातारी ते गाणं म्हणते आणि न सांगताही कोणाचं ते कळतं.

तूही हे शिकून घे. प्रत्येक गाण्यात नाव गुंफलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही, पण चार-दोन गाण्यांत तरी करून बघ. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून चालीत म्हणायला पोरीच्या जातीला अवघड वाटतं, मला माहीत आहे. तो संकोच मोडण्यासाठीही ते चांगलं आहे.

आता तुझ्या शैलीबद्दल. तू मला पाठवलेल्या तीन गाण्यांपैकी दोन ऐकून मला असं वाटलं की ही कोण्या शहरातल्या मुलीने लिहिली आहेत. खिडकी, कॉफी, पाऊस, कोणाची तरी आठवण. वाईट नाहीत. पण तशी गाणी लिहिणाऱ्या मुली पुष्कळ आहेत आणि त्या तुझ्याहून सराईत आहेत. तिसऱ्या गाण्यात मात्र तू तेंदूपत्त्याच्या हंगामातली सकाळ आणलीस आणि मी ताठ बसले. ऊन चढायच्या आत रानात जायचं, ओझं घेऊन घरी यायचं, मग ओसरीवर बसून 70 पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. पानं मोजताना बोटं चालतात आणि तोंडाने आकडा चाललेला असतो, त्याला आपसूक एक ठेका असतो. तू तोच ठेका घेतलास. आई मोजता मोजता मध्येच कोणाशी बोलते आणि आकडा चुकतो, ती जागा तू चालीतसुद्धा एक मात्रा सोडून दाखवलीस. ही तुझी शैली. ती कोणत्याही क्लासात मिळत नाही आणि तुझ्याकडून कोणाला चोरताही येत नाही, कारण ती मोजणी त्याने कधी केलेलीच नसते.

त्यामुळे विषय शोधायला लांब जाऊ नकोस. मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बाया आहेत. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या पाठी आहेत. आलापल्लीच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक धडधडत जातात, त्यांची धूळ घरातल्या भांड्यांवर बसते. सुरजागडच्या लोहखनिजावर कोणाचं काय म्हणणं असायचं ते असो, पण ज्या घरावरून ट्रक जातात त्या घरातलं गाणं त्या घरातल्या पोरीनेच लिहावं. त्यात घोषणा देऊ नकोस. जे दिसलं, जे ऐकू आलं ते लिही. ऐकणारा आपला आपण समजून घेतो.

भाषेचंही तेच. एटापल्लीच्या बाजारात उभी राहा, तासाभरात माडिया, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, हिंदी सगळं कानावर पडतं. घरात आजीशी तू एक बोलतेस, कॉलेजात दुसरं. मग गाण्यात तिसरीच कुठली नाटकी मराठी काहून आणतेस? अरुणाचलचा ताबा चाके बघ. न्यिशी ही त्याच्या समाजाची भाषा, बाहेर किती लोकांना कळणार? तो त्या भाषेत गातो, हिंदी-इंग्रजीतही गातो, आणि मुंबईचे लोक त्याचं न्यिशी गाणं शांतपणे बसून ऐकतात. आपल्या महाराष्ट्रात माही जी नावाने रॅप करणारी मधुरा घाणे आहे, महादेव कोळी समाजातली. आदिवासींच्या जगण्यावर ती स्वतः लिहिते, स्वतः गाते. रॅप तुझा प्रकार नसेल, पण तिचा धीटपणा घे. एका गाण्यात धृपद माडियात आणि कडवी मराठीत ठेवलीस तरी काही बिघडत नाही. माडिया ओळी आधी आजीला म्हणून दाखव. तिने नाक मुरडलं तर शब्द बदल.

इथे एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. रेला गाणी तुझी नाहीत. माझीही नाहीत. कमरेत हात गुंफून बाया ओळीने नाचतात, एकीने ओळ टाकली की बाकीच्या ती झेलतात, पंडुमाच्या सणात, लग्नात पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं आहे. ती गाणी गावाची आहेत. तू त्यातून शिक. पुढारणीने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची ही रीत उचल, कारण तुझ्या गाण्यातही दुसऱ्यांना गाता येईल अशी जागा असली पाहिजे. पण जुनं रेला गाणं जसंच्या तसं गाऊन खाली 'गीत-संगीत' म्हणून स्वतःचं नाव टाकू नकोस. तिथे 'पारंपरिक' लिहायचं, कोणत्या गावात, कोणाकडून शिकलीस ते त्यांना विचारून लिहायचं, आणि पैसे मिळाले तर शिकवणाऱ्या बायांना त्यातला वाटा द्यायचा. आपलं कोणी घेऊ नये असं वाटतं ना, मग आपणही कोणाचं घेऊ नये.

आता रेकॉर्डिंग. तू म्हणतेस, नागपूरला स्टुडिओ घ्यावा लागेल, त्याला पैसे कुठून आणू. तुला गोव्याच्या रेमो फर्नांडिसची गोष्ट सांगते. 1953 साली पणजीत जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकलेला हा माणूस स्वतः गाणी लिहायचा आणि गायचा. मुंबईच्या कंपन्यांना तेव्हा असलं काही नको होतं. मग त्याने 1984 साली शिवोलीतल्या आपल्या घरातच, कॅसेटवर चार पट्ट्यांत आवाज भरणाऱ्या एका छोट्या यंत्रावर आख्खा अल्बम केला. 'गोअन क्रेझी' त्याचं नाव. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यं त्यानेच वाजवली, कव्हरही स्वतःच केलं. आणि कॅसेटी घेऊन स्कूटरवरून तो दुकानोदुकानी फिरला. विषय कोणते, तर गोव्याचे, गोव्यातल्या माणसांचे. आधी गोव्याने त्याला उचललं, मग कंपन्या आल्या, मग सिनेमे आले. 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्रजी, कोंकणी, पोर्तुगीज, हिंदी, ज्या भाषेत जे गाणं सुचलं त्या भाषेत तो गायला. कंपन्या आल्या तेव्हा त्याच्या हातात तयार माल आणि तयार श्रोते होते, म्हणून तो ताठ मानेने बोलू शकला. हे लक्षात ठेव.

त्याच्या त्या यंत्रापेक्षा तुझ्या हातातल्या फोनमध्ये जास्त सोयी आहेत. पण वापरायचं शीक. आपल्याकडे टिनाचं छप्पर, त्यामुळे पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा नाद सोड, तेव्हा लिहून घे. हिवाळ्यात रात्री, गाव झोपल्यावर बस. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. आतली लहान खोली घे, दोरी बांधून तिच्यावर गोधड्या, चादरी टाक आणि त्यांच्याकडे तोंड करून गा, म्हणजे भिंतीवरून आवाज फिरून येत नाही. फोन तोंडापासून वीत-दीड वीत लांब आणि थोडा बाजूला ठेव. अगदी समोर धरलास तर 'प' आणि 'फ' चा फुसकारा थेट माइकवर बसतो. आधी वाद्य भर, मग त्यावर आवाज. फोनवर बँडलॅब किंवा कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. आणि मूळ फाईल कधी पुसू नकोस. एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःलाच मेल करून. ती फाईल आणि तिच्यावरची तारीख उद्या तुझी साक्षीदार असते.

यूट्यूबवरून 'फ्री बीट' म्हणून उतरवलेल्या संगीतावर गाणं गाऊ नकोस. पुष्कळदा ते ऐकायला फुकट असतं, विकायला नसतं. गाणं थोडं चाललं की बीटवाला हक्क सांगत येतो. त्यापेक्षा आपल्या गावात ढोल वाजवणारा आहे, हार्मोनियम वाजवणारे मास्तर आहेत. त्यांना घे, त्यांना पैसे दे, त्यांची नावं गाण्याखाली लिही.

पैशांबद्दल खरं सांगते, म्हणजे नंतर मन मोडायला नको. गाणं यूट्यूबवर टाकलं की दुसऱ्या दिवशी पैसे सुरू होत नाहीत. जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहणं झालेलं लागतं, नाहीतर शॉर्ट्सवर 90 दिवसांत 1 कोटी वेळा पाहिलं गेलेलं लागतं. स्पॉटिफायने 2024 पासून असं केलं आहे की वर्षभरात एखादं गाणं 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच धरत नाहीत. तिथे गाणं ठेवायचं ते लोकांना सापडावं म्हणून. घर चालतं ते समोर बसलेल्या माणसांवर.

आणि समोर बसून रात्रभर ऐकणारी माणसं आपल्याइतकी कोणाकडे आहेत? धान निघालं, दिवाळी झाली की वडशापासून मंडळी निघतात, होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. बैलांचा शंकरपट असला की नाटक आहेच. पाहुणे येतात, घोंगड्या घेऊन माणसं पहाटेपर्यंत बसतात. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर 5000 च्या वर प्रयोग आणि 800 भूमिका आहेत. हे सगळं पुण्या-मुंबईला न जाता झालं, बाप्पा! याच रंगमंचावर तू एक हंगाम गा. माइक बंद पडला, लाईन गेली, समोर पोट्टे ओरडायला लागले तरी गाणं कसं धरून ठेवायचं, ते तिथे शिकशील. नाटकात दुसऱ्याचं गाणं गावं लागेल, गा. पण अंकांच्या मध्ये पाच मिनिटं मागून घे आणि स्वतःचं एक गाणं म्हण. लोक कुठे उठून जातात आणि कुठे मान डोलावतात ते बघ. घरी येऊन त्याप्रमाणे कडवं छाट.

नाटकापलीकडेही जागा आहेत. 14 एप्रिल, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, 9 ऑगस्टचा आदिवासी दिन, 15 नोव्हेंबरची बिरसा जयंती, महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, शाळांची स्नेहसंमेलनं, गोंडवाना विद्यापीठाचा युवक महोत्सव. सुरुवातीला कुठे मानधन मिळेल, कुठे नुसतं जेवण आणि नारळ. पण वर्षभराने 'एटापल्लीची ती गाणारी' असं लोक म्हणू लागले की तू आपला दर सांग आणि त्यावर टिक. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 2003 पासून 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम करत आले. लोक तिकीट काढून एका कवीला त्याच्याच कविता गाताना ऐकायला आले, पुन्हा पुन्हा आले. म्हणजे मराठी माणूस स्वतःचं लिहिणाऱ्याला पैसे देत नाही, हे काही खरं नाही. त्याच्यापुढे सातत्याने उभं राहावं लागतं.

तोवर कॉलेज सोडू नकोस. डी. एड. कर, नर्सिंग कर, बँकेची परीक्षा दे, जे तुला झेपेल ते. पोटाची सोय असलेली बाई वाईट कागदावर सही करत नाही, आणि कलेच्या दृष्टीने यापेक्षा मोठी गोष्ट मला तरी माहीत नाही.

आता कागदाकडे येते. मंडळीतल्या एका पोरीने स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं गाणं एका चॅनेलवाल्याला थोड्या रोख पैशांत दिलं. स्टँप पेपरवर काय लिहिलंय ते वाचलं नाही, घाईघाईत सही केली. गाणं लग्नांच्या वरातीत वाजायला लागलं. पुढे तिने तेच गाणं स्वतःच्या पेजवर टाकलं तर दोन दिवसांत ते उडवलं गेलं. तिचाच आवाज, तिचेच शब्द, आणि तिलाच मनाई. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं ते मला तुझ्या डोळ्यांत बघायचं नाही.

म्हणून हे पाठ कर. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. गाणं लिहून झालं, रेकॉर्ड झालं, त्या क्षणी हक्क तुझा होतो, त्यासाठी कोणाच्या शिक्क्याची गरज नाही. शब्दांचा आणि चालीचा हक्क तुझ्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं तुझ्या वारसांकडे राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण पुरावा म्हणून कामी येते, आणि शब्दांची किंवा चालीची फी प्रत्येकी 500 रुपये आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी बोलण्याला किंमत नाही. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच समोरचा हुशार माणूस 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द आठवणीने घालतो. हे दोन शब्द कागदावर दिसले की पेन खाली ठेव.

2012 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू जोरात मांडली. त्या दुरुस्तीने असं झालं की गाणं वाजवल्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा कोणी लिहून घेतला तरी तो सुटत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. अशी सोसायटी म्हणजे आयपीआरएस, 1969 पासूनची. तुझी दोन-चार गाणी बाहेर आली की तिची सभासद हो. तू गीतकारही आहेस आणि संगीतकारही, अर्जात दोन्ही लिही. पोरी बहुतेक वेळा 'गायिका' एवढंच लिहून मोकळ्या होतात आणि आपला मोठा हिस्सा तिथेच सोडून देतात.

कोणाला गाणं द्यावंसं वाटलंच, तर विकू नकोस, वापरायला दे. किती वर्षांसाठी, कुठे कुठे, किती पैशांत आणि नाव कुठे दिसणार, हे चार मुद्दे कागदावर असू दे. आपल्या शेतकऱ्याची रीत तुला ठाऊक आहे. बांधी ठेक्याने एका हंगामाला देतात, सातबारा देत नाहीत. कागद आधी घरी आण, मला दाखव, वकिलाला दाखव. 'आत्ताच सही कर, नाहीतर संधी जाईल' असं जो म्हणतो, त्याची संधी जाऊ दे.

शेवटी पोरीची जात म्हणून चार गोष्टी. कार्यक्रमाला जाताना कुठे, कोणासोबत, परत कधी, हे आईला माहीत पाहिजे. चोरून गाशील तर गाण्यात ती चोरी दिसते. रात्रीचा प्रवास असेल तर गाडी आणि सोबत आयोजकाकडून आधी ठरवून घे. अर्धं मानधन आधी, उरलेलं मंचावर चढायच्या आत, आणि ते तुझ्या स्वतःच्या बँक खात्यावर. भावाच्या नाही, मास्तरांच्या नाही. नाचण्याची, कपड्यांची अट नंतर कोणी घातली तर शांतपणे नाही म्हण आणि परत ये. 'आधी भेटायला ये, मग गाण्याचं बघू' म्हणणाऱ्याकडे एकटी जाऊ नकोस. लोक बोलतील. गाणाऱ्या बाईला लोक आधी नावं ठेवतात, मग तिचं गाणं गुणगुणतात. मी दोन्ही ऐकलं आहे आणि त्यातलं दुसरंच टिकतं.

वर्षाला चारच गाणी कर, पण अशी की एटापल्लीच्या बाहेरच्या कोणाला लिहिता येणार नाहीत. तेंदूपत्त्याचं ते गाणं आधी पूर्ण कर. तिसरं कडवं अजून सैल आहे, तिथे आईच्या बोटांवर पानांचा डाग येऊ दे. झालं की वहीत तारीख टाक, खाली पूर्ण नाव लिही, हिवाळा लागला की रेकॉर्ड कर आणि सगळ्यात आधी मला पाठव. आणि कोणीही, कितीही मोठा माणूस, कितीही गोड बोलून ते नाव खोडायला सांगू लागला, तर त्याला सांग, आधी माझ्या ताईशी बोला.